बुलेट ३५०, १९८६, नऊ वर्षे बंद: पहिल्या किकआधी काय काय करायचं?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

गाडी एनफिल्ड बुलेट ३५० स्टँडर्ड, १९८६ ची. कास्ट आयर्न सिलिंडरचं इंजिन, उजव्या पायाला चार गिअर, सहा व्होल्ट, पॉइंटवाली (ठिणगीची वेळ ठरवणारा यांत्रिक स्विच). चिपळूणला काकांच्या पडवीत ताडपत्रीखाली नऊ वर्षे उभी आहे. इंजिन याआधी कधी उघडलंय का, काकांना आठवत नाही.

आजची स्थिती: डिपस्टिक कोरडी, पण गाडीखाली फक्त तळहाताएवढा डाग. किक दाबली की जड जाते, मध्येच स्पंजासारखी वाटते. क्लच दाबला तरी गिअरमध्ये मागचं चाक इंजिनसकट फिरतं. टाकीत झाकणाजवळून हात घातला तर तांबडी भुकटी हाताला येते. पेट्रोल कॉक घट्ट बसलाय. ॲमीटरची काच फुटलेली. रंग मात्र मूळचा आहे आणि टाकीवरच्या रेघाही शाबूत आहेत.

इथल्या मिस्त्रींचं म्हणणं, "फुल इंजिन खोलू, बोअर-पिस्टन, क्रँक, सगळं नवीन टाकू, फ्रेमला पावडर कोटिंग मारू." दुसरे म्हणतात, ऑइल टाका, बॅटरी लावा, किक मारा, बुलेटला काही होत नाही. मला दोन्ही पटत नाही. रोजची गाडी नाही. महिन्यातून दोनदा गुहागरपर्यंत जाऊन यावी एवढीच अपेक्षा. नेमक्या क्रमाने काय करू? पॉइंट ठेवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन टाकू? आणि कागदपत्रांचं काय? पुस्तक जुन्या 'एम'वाल्या तीन अक्षरी नंबरचं आहे, मुदत कधीच संपली.

टायमिंग_साइड

दुसऱ्या मिस्त्रींचं तर अजिबात ऐकू नका. आता एकही किक मारायची नाही. कारण सांगतो.

या इंजिनाच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तो सांधा) रोलर बेअरिंग नसतं, तरंगती बुश असते. ती ऑइलच्या पातळ थरावर चालते. नऊ वर्षांत पंपापासून क्रँकपर्यंतचा सगळा मार्ग रिकामा झालेला असतो. वरून ऑइल ओतलं म्हणजे ते लगेच बुशपर्यंत पोचलं असं होत नाही. पंप क्रँकवरच्या वर्मने (स्क्रूसारख्या गिअरने) फिरतो आणि खूप हळू फिरतो, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यावर पहिला बराच वेळ बिग एंड कोरडीच घासली जाते. "सुरू झाली आणि चार दिवसांत खडखडायला लागली" म्हणतात, ते बहुतेक वेळा याच पहिल्या काही मिनिटांमुळे.

डिपस्टिक कोरडी आणि डाग लहान, म्हणजे ऑइल सांडलेलं नाही, खाली उतरलंय. बुलेट ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल क्रँकखाली न साठता वेगळ्या टाकीत राहतं. ऑइलची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात ओतीव आहे आणि क्रँक पुढच्या कप्प्यात फिरते. फीड पंपाची चकती झिजली की गाडी उभी असताना ऑइल झिरपत पुढच्या कप्प्यात जमा होतं. किक स्पंजासारखी वाटते ती त्यामुळेच, फ्लायव्हील ऑइलमध्ये बुडालेलं आहे.

आता क्रम. प्लग काढा. प्लगच्या भोकातून १५-२० मिली पातळ ऑइल सोडा. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं चालेल. दोन दिवस तसंच राहू द्या, रिंगा खाचेत अडकल्या असतील तर सुटतात. तोपर्यंत खालचे दोन ड्रेन प्लग उघडा, एक पुढच्या कप्प्याचा, एक मागच्या टाकीचा. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे. प्लग हलत नसेल तर पान्ह्याला पाइप लावून जोर करू नका, आटे मरतील. आधी भोवती गरम पाणी किंवा हीट गन, मग रिंग पान्हा. पुढच्या प्लगमधून दीड-दोन लिटर निघालं तर निदान पक्कं. ते ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात बघा. काळी पेस्ट चालते, राखाडी पाणचट म्हणजे ओल शिरलीय, पण चकाकणारे कण दिसले तर ती बुश आहे. मग फुल इंजिनला पर्याय नाही.

उजव्या टायमिंग कव्हरच्या खालच्या बाजूला फिल्टरचं झाकण आहे. उघडताना स्प्रिंग, वॉशर, रबर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. फिल्टर उलटा बसला किंवा वॉशर राहिला तर ऑइल फिल्टरला वळसा घालून जातं. नवा फिल्टर बसवताना तो कप्पा ऑइलने भरूनच झाकण लावा. क्रँकच्या टोकासमोर कव्हरवर जो मोठा फीड प्लग आहे तोही काढा. आत क्रँकच्या टोकावर दाबून बसणारं छोटं सील असतं. ते कडक झालेलं असणारच, बदला. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण ती गळाली की दाबाने आलेलं ऑइल क्रँकमध्ये जायच्याऐवजी बाहेरच्या बाहेर परत फिरतं. त्याच भोकातून ऑइलकॅनने क्रँकमध्ये ऑइल भरा, जाईल तेवढं.

मग २० डब्ल्यू ५० मिनरल ऑइल, साधारण सव्वादोन लिटर. एकदम सगळं ओतू नका, डिपस्टिक बघत भरा. सिंथेटिक नको, या इंजिनाला फायदा शून्य आणि जुन्या पॅकिंगमधून लवकर पाझरतं.

प्लग काढलेलाच असू द्या, गाडी मेन स्टँडवर, चौथा गिअर, आणि मागचं चाक हाताने पुढच्या दिशेला फिरवत राहा. किक मारण्यापेक्षा हे सोपं. हेडला रॉकरकडे जाणाऱ्या पाइपचा वरचा बँजो बोल्ट (पाइपच्या कड्यातून जाणारा पोकळ बोल्ट) थोडा सैल करून ठेवा, आणि टाकीचं ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. बँजोतून ऑइल पाझरलं आणि टाकीत परतीची धार दिसली की काम झालं. धार अखंड नसते, हवेचे बुडबुडे घेत उडत येते, ते बरोबर आहे. परतीचा पंप फीडपेक्षा जास्त ओढतो, नाहीतर ड्राय संपला अर्थच नाही. धार येईपर्यंत कंटाळू नका, हात भरून येतील.

यानंतरच पुढचं सगळं.

लेथवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक भर. चाक फिरवायच्या आधी बिग एंड तपासून घ्या, हेड न काढता जमतं. डावीकडचं प्रायमरी कव्हर उघडा (मध्ये एकच मोठा नट असतो). पिस्टन टॉपवरून थोडा खाली आणा, लाकडी काठी प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवून दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला इंजिन स्प्रॉकेट दोन्ही दिशांना हळूच हलवायला सांगा. काठीला 'टक' जाणवली तर बुश गेली. काही न जाणवता पिस्टन लगेच सोबत हलला तर ठीक. कनेक्टिंग रॉडला आडवी हालचाल असतेच, त्यावरून कोणी क्रँक खराब ठरवू नये. खर्च काढायची ती जुनी युक्ती आहे.

कव्हर उघडलंच आहे तर क्लचही तिथेच सोडवा. क्लच दाबूनही इंजिन फिरतंय, म्हणजे प्लेटा चिकटल्यात. स्प्रिंगा काढा, प्लेटा एकेक करून सुऱ्याने अलगद सोडवा, पेट्रोलने धुवा. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून सरळ आहेत का बघा. अल्टरनेटरचा रोटर आणि स्टेटर यांच्यात सगळ्या बाजूंनी फिलर गेजची ०.२० मि.मी.ची पट्टी जायला हवी. कुठे अडकत असेल तर स्टेटर घासतोय. प्रायमरी चेनला मधोमध ६ मि.मी. खेळ ठेवा, पण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून फिरवत फिरवत सर्वात ताठ जागी मोजा. कव्हर लावताना मोठं रबर सील नवीनच वापरा आणि मधला नट मर्यादेत आवळा. जास्त आवळला की कव्हर वाकतं, मग कितीही सिलिकॉन लावा, गळणारच. आत ४२० मिली. जास्त भरलं की क्लच घसरतो. काही जण एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) टाकतात, क्लच हलका चालतो. चालेल.

बोअरबद्दल: प्लग लावून कंप्रेशनवर किकवर उभं राहिल्यावर किक हळूहळू खाली बसत असेल तर चालवून बघा. लगेच धसत असेल तरी आधी व्हॉल्व्ह आणि डीकॉम्प्रेसर (किक हलकी करायला कंप्रेशन सोडणारा छोटा व्हॉल्व्ह) तपासा. डीकॉम्प्रेसरच्या केबलला ढील नसेल तर तो किंचित उघडाच राहतो आणि लोक बोअर करून मोकळे होतात.

प्लग_पान्हा

इग्निशनचं मी घेतो.

पॉइंट ठेवा. इलेक्ट्रॉनिक किट वाईट नसतात, पण बॅटरी थोडी पडली की त्यातले बरेच मुकाट बसतात, आणि सहा व्होल्टवर चालणारा किट शोधत बसावं लागतं. महिन्यातून दोनदा चालणाऱ्या गाडीची बॅटरी कधी ना कधी पडणारच. पॉइंट असले तर चावीची 'इमर्जन्सी' जागा कामाला येते. (त्या जागेवर रोज चालवू नका. सुरू झाली की परत मूळ जागी.)

आधी टॅपेट. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कंप्रेशन स्ट्रोकच्या टॉपवर. पुशरॉडच्या छोट्या कव्हरमधून दोन्ही रॉड बोटांनी फिरले पाहिजेत, पण वर-खाली खेळ जाणवता कामा नये. इथे फिलर गेज लागत नाही. रॉड फिरत नसेल तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही, आणि एक्झॉस्टचा असेल तर जळेल.

पॉइंट: गंज असेल तर बारीक कानशीने, पॉलिश पेपरने नाही, कारण त्याचे कण तोंडात रुतून बसतात. मग कोऱ्या कागदाची पट्टी मधून ओढून पुसा. कॅमने पॉइंट सर्वात जास्त उघडलेले असताना गॅप ०.३५ ते ०.४० मि.मी. गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप बदलला की टायमिंग हलतंच.

पॉइंटखालची ॲडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) न चुकता काढून बघा. नऊ वर्षांत तिथलं ग्रीस वाळून लाख होतं. वजनं उघडी अडकली तर किक उलटी मारते आणि घोटा जातो. बंद अडकली तर गाडी ओढत नाही, सायलेन्सर तापतो. रॉकेलने धुवा, एक थेंब ऑइल, आणि बोटांनी वळवून सोडल्यावर स्प्रिंगने परत यायला हवीत.

टायमिंग: वजनं मिटलेली असताना पिस्टन टॉपच्या ०.८ मि.मी. आधी पॉइंट सुटायला हवेत. प्लगचं भोक तिरकं आहे, म्हणून सळई घालून काढलेलं माप खरं येत नाही. डिग्री प्लेट असेल तर साधारण नऊ-दहा अंश. पॉइंट नेमके कधी सुटतात ते डोळ्याने ठरवू नका. सहा व्होल्टचा बारका बल्ब पॉइंटला समांतर जोडा, चावी चालू. पॉइंट सुटले की बल्ब लागतो.

चालू इंजिनावर पॉइंटमध्ये निळ्या ठिणग्या फटाफट उडत असतील तर कंडेन्सर गेला. दोन घेऊन ठेवा. हल्ली मिळणाऱ्यांत फुटके जास्त. प्लगचा गॅप ०.५ ते ०.६.

ॲमीटरची फक्त काच गेली असेल तरी मागचे दोन नट आवळून घ्या. गाडीचा सगळा करंट तिथून जातो. चालत्या गाडीत सगळं एकदम मेलं की नव्वद टक्के तिथलाच नट सैल असतो. अर्थिंगसाठी इंजिन ते फ्रेम एक जाड वायर वेगळी टाका. सहा व्होल्टमध्ये गंजलेल्या एका जोडावर जेवढं व्होल्टेज वाया जातं, तेवढ्यात दिवा निम्मा होतो.

घाटमाथा

टाकी. तांबडी भुकटी आहे, पापुद्रे नाहीत, तर वाचेल. लोक आत नट, खडी, साखळ्या घालून हलवतात, त्याने आतला पत्रा सोलतो आणि शिवणीला भोकं पडतात. त्यापेक्षा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. कॉक काढून तिथे रबरी बूच मारा. उरलेलं पेट्रोल आणि चिकटा आधी डिटर्जंटच्या गरम पाण्याने धुवा, कारण तेलकट गंजावर ॲसिड काम करत नाही. मग लिटरला ८०-१०० ग्रॅम लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. बुलेटची टाकी साडेचौदा लिटरची, म्हणजे सव्वा ते दीड किलो लागेल. चोवीस तास. झाकणाच्या कडेला बाहेर थेंब राहू देऊ नका, रंग जातो. रेघा शाबूत आहेत म्हणताय, तर बाहेरून टाकीला प्लॅस्टिक गुंडाळा.

पाणी ओतल्यावर पत्रा राखाडी दिसायला हवा. लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा खंगाळा आणि त्याच दमात सुकवा. हेअर ड्रायर, व्हॅक्यूम क्लीनरची फुंक, जे असेल ते. कोकणातल्या हवेत उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबडा होतो. सुकल्यावर पाव लिटर पेट्रोलमध्ये थोडं टू-टी (टू-स्ट्रोक गाडीचं) ऑइल घालून सगळीकडे फिरवा.

आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, म्हणजे टाकीच्या शिवणीत आणि फ्लोट बाऊलमध्ये. जुनी रबरं फुगतात किंवा चिरतात. म्हणून कॉक, पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरची सगळी पॅकिंग नवीन. पाइप इंजेक्शनच्या गाडीला चालणाऱ्या प्रतीचा घ्या. घरी परतताना शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला कॉक बंद करून बाऊल रिकामा करा, आणि पावसाळ्यात गाडी बसणार असेल तर टाकी एकतर गच्च भरलेली किंवा पूर्ण कोरडी. अर्धी टाकी सर्वात वाईट. ९५ किंवा १०० ऑक्टेनवर पैसे घालवू नका. या इंजिनाचं कंप्रेशन साडेसहाच्या आसपास, त्याला साधं पेट्रोल पुरून उरतं.

माइकार्बच्या व्हीएम २४ मध्ये स्लाइड झिजली की कितीही ट्यूनिंग करा, आयडलिंग टिकत नाही. स्लाइड हाताने खडखडत असेल तर कार्ब्युरेटरच बदला. एअर स्क्रू पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर, इथून सुरुवात. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळ होतं. चढावर खोकत असेल आणि प्लग पांढरा दिसत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा.

टायर बघायलाच नकोत, बदला: ३.२५-१९, पुढे-मागे सारखेच. नक्षी कितीही चांगली असू दे. ब्रेक ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

आरसी_बुक

कागदांबद्दल, पावडर कोटिंगच्या आधी वाचा.

चासी नंबर हेडस्टॉकवर ठोकलेला आहे. सँड ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगच्या जाड थरात तो बुजतो. आरटीओत नंबरची छाप उठली नाही तर पुढचा सगळा कारभार अडकतो. फ्रेम रंगवायचीच असेल तर आधी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, तारखेसह फोटो काढा, आणि रंगवणाऱ्याला ती जागा झाकून ठेवायला सांगा. इंजिन नंबरचंही तसंच, तिथे कानस किंवा बफिंग नको. तुमचा रंग मूळचा आहे म्हणताय, तर फ्रेमला हात लावूच नये असं माझं मत. गंजलेल्या जागी प्रायमर आणि ब्रशने टच-अप पुरेसा. मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही.

१९८९ च्या आधीचे तीन अक्षरी नंबर बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाहीत. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बघा. नोंद नसेल तर मूळ आरटीओत पुस्तक नेऊन बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते. त्यानंतर नोंदणीचं नूतनीकरण, ते पाच वर्षांसाठी मिळतं. उशिराचा दंड, पर्यावरण कर, विमा आणि पीयूसी हे वेगळं. गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून हॉर्न, ब्रेक लाइट आणि साइड इंडिकेटर आधी चालू करा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. गाडी काकांच्या नावावर आहे तर हे सगळं त्यांच्याच नावाने करा आणि ट्रान्सफर नंतर. दोन्ही एकदम केलं तर एकाच्या त्रुटीत दुसरं लटकतं.

'व्हिंटेज' नोंदणी तुम्हाला लागू नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची हवी. नवीन नोंदणीचं शुल्क वीस हजार, नंबरमध्ये 'व्हीए' येतं आणि गाडी नेहमीच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. गुहागरला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

वाशिष्ठीकाठ

सर्वांचे आभार. पुढच्या प्लगमधून भरपूर काळं ऑइल निघालं, ताटलीत चकाकी नाही. काठी लावून बघितलं, टक नाही. फीडचं सील बोटात चुरा झालं. चाक फिरवून ऑइलच्या टाकीत धार आली. क्लच सुटला. फ्रेम रंगवण्याचा बेत रद्द.

दोन प्रश्न उरले. वेट संपिंग, म्हणजे उभ्या गाडीत ऑइल पुढच्या कप्प्यात उतरणं, कायमचं थांबवता येईल का? आणि गिअरबॉक्समध्ये घट्ट काळं ग्रीस कोंबलेलं आहे, ते तसंच असतं म्हणे?

टायमिंग_साइड

पंपाची चकती आणि तिची बैठक दोन्ही काचेवर बारीक व्हॉल्व्ह पेस्ट लावून आठच्या आकड्यात घासा. पूर्ण चेहरा सारखा राखाडी दिसला की थांबा. पेस्टचा कण आत राहिला तर पंपच खाईल, म्हणून पेट्रोलने तीनदा धुवा. मागची स्प्रिंग नवीन. याने महिना-दोन महिने उभी राहिली तरी फार उतरणार नाही, पण पूर्ण कधीच थांबत नाही. जास्त दिवसांनी सुरू करताना पुढचा प्लग उघडून जमलेलं ऑइल काढा आणि गाळून टाकीत परत भरा. पहिल्या मिनिटाला निळा धूर आला तर घाबरू नका. क्रँककेसच्या डाव्या बाजूच्या ब्रीदरची चपटी रबरी चोचही बघा. ती कडक झाली असेल तर आतला दाब बाहेर पडत नाही आणि प्रत्येक पॅकिंगमधून ऑइल येतं. सुरुवातीला लोक पॅकिंग बदलत बसतात, दोष चोचीचा असतो.

सुरू झाल्याबरोबर झाकण उघडून परतीची धार बघा. मिनिटभरात दिसली नाही तर बंद करा. मंद आयडलिंगला सोडू नका, पंप कमी ओढतो. पहिले ५०० किलोमीटर ४०-५० च्या वेगात, मग ऑइल बदला.

लेथवाला

गिअरबॉक्समध्ये चेसिस ग्रीस कोंबू नये. दातांनी त्यात चर पडतो, ग्रीस कडेला भिंतीसारखं उभं राहतं आणि लेशाफ्टच्या (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या शाफ्टच्या) बुशा कोरड्या फिरतात. पण नुसतं पातळ ऑइलही टिकणार नाही, जुन्या बॉक्सची सीलं त्यासाठी केलेली नाहीत, सगळं मागच्या चेनवर येईल. कव्हर उघडून ग्रीस रॉकेलने धुवा, मग निम्मं शून्य-शून्य नंबरचं पातळ ग्रीस आणि निम्मं ईपी ९० गिअर ऑइल कालवून लेव्हल प्लगपर्यंत भरा. थंडीत पहिला गिअर जड पडला तर ऑइलचा वाटा थोडा वाढवा. पहिल्या आठवड्यात स्प्रॉकेटच्या मागे थेंबभर आलं तर चालेल. धार लागली तर तिथलं सील आणि शाफ्टवर पडलेला चर दोन्ही बघा, नुसतं सील बदलून थांबणार नाही.